पाहुण्यांचं पाणी

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक दोनच गोष्टी विचारतात. ऊन फार होतं का, आणि संत्री आणलीस का. ऊन नव्हतं, डिसेंबर होता. संत्री आणली नाहीत, कारण अकोल्यात माझ्या दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या होत्या आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. त्या अवतारात मी एका बैठकीत शिरले होते. हे सगळं लिहिताना माझी शोभा होणार हे मला माहीत आहे, पण ते टाळून प्रवास सांगायचा तर मागे फक्त खाल्लेले पदार्थ उरतात.

अमरावती

आम्ही तिघं विद्यार्थी आणि आमचे सर. मी शेवटच्या वर्षाला, रेणुका माझ्याच वर्गातली, आणि ओंकार एक वर्ष मागे, सांगलीकडचा, कमी बोलणारा. काम विहिरींचं पाणी तपासण्याचं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना मैलोन्मैल जमिनीखालचं पाणी खारं आहे. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. तिथल्या कोणत्या गावांना गोड्या पाण्याचं यंत्र बसवून द्यायचं याची यादी अकोल्यातली एक संस्था करत होती आणि पाच गावांचं पाणी मोजून द्यायचं काम आमच्याकडे आलं होतं. पहिल्या तीन गावांचा निर्णय संस्थेच्या अकोल्यातल्या बैठकीत व्हायचा होता, उरलेल्या दोन गावांचा नंतर. पाणी खारं निघालं तर गाव यादीत राहणार, गोड निघालं तर नाव कटणार, इतका साधा हिशेब.

याशिवाय माझं एक खासगी काम होतं. आमच्याकडे नेतृत्वावरचा एक अभ्यासक्रम आहे आणि त्यात प्रत्येकाला 'माझं नेतृत्वाचं तत्त्वज्ञान' असं दोन पानी टिपण द्यावं लागतं. या दौऱ्याच्या अनुभवावरून लिहा, असं सरांनी सांगितलं होतं. मी ते पुण्यातच लिहून टाकलं होतं. वेळ पाळणं, झटपट निर्णय आणि शिस्त, असे तीन मुद्दे, टाइप करून, पिशवीत घडी घालून ठेवलेले. अनुभव नंतर येऊन त्यात बसेल अशी माझी कल्पना.

अमरावतीत पहिल्याच सकाळी सरांचा पाय लॉजच्या पायरीवरून मुरगळला. घोटा टम्म फुगला. "मुक्ता, तीन दिवस तू सांभाळ. मी परवा अकोल्याच्या बैठकीला थेट येतो," असं ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पायापेक्षा मला माझ्या बढतीचंच जास्त वाटलं. मी लगेच गटाचं वेळापत्रक काढलं. रेणुकाला गिला वडा खायचा होता. मी दहा मिनिटं दिली. दही आणि तिखट चटणीत बुडालेला तो मऊ वडा दहा मिनिटांत खायची गोष्ट नाही, डोळ्यांतून पाणी येतं आणि अजून एक मागवावासा वाटतो. गाडीवाल्याने माझ्याकडे पाहून रेणुकाला विचारलं, "ह्या मॅडम कावून घाई करून राह्यल्या? वडा काय पयून जाते?" रेणुका हसली. मी घड्याळ पाहिलं.

दर्यापूर आणि पुढचं गाव

दर्यापूरला काळीपिवळी ठरवली. सामायिक जीपला इकडे काळीपिवळी म्हणतात, पण आम्ही अख्खीच घेतली. चालक प्रल्हादभाऊ, पन्नाशीचे, तोंडाळ आणि प्रेमळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर डोक्याएवढी उभी, मध्ये वेचणीला आलेला कापूस, आणि माती इतकी काळी की आमच्याकडची लाल-तपकिरी जमीन आठवून ती खोटी वाटावी. डोंगर नाही, चढ नाही. कुठे थांबावं हे नजरेला कळत नाही.

पहिली दोन गावं चोख झाली. विहिरीवर जायचं, पोहरा सोडायचा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, भरायची, चिठ्ठी लावायची, पाण्यातले क्षार मोजणारा मीटर बुडवायचा. दोन्ही ठिकाणी मीटरवरचा आकडा सरसर वर गेला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गावाला पोचलो तेव्हा आम्ही तासभर मागे पडलो होतो.

त्या गावाचं नाव देत नाही. तसं मी तिथल्या यमुनाकाकूंना कबूल केलं आहे. काकू तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या घरी आमचा पाहुणचार झाला, म्हणजे पोहे, चहा, मग पुन्हा चहा. चहा झकास होता. ओट्यावर त्यांचे दीर भिंतीला टेकून बसले होते, पाय सुजलेले. मूत्रपिंडाच्या आजारापायी आठवड्यातून दोनदा अकोल्याच्या दवाखान्यात जातात, असं काकूंनी सांगितलं. मी त्यांना नमस्कार केला आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

"काकू, विहीर कुठे आहे?"

"पल्याड हाय. पांदनीनं जा लागते. अर्धा घंटा तं लागनच."

पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, जाऊन येऊन एक तास. वेळापत्रकात तो तास नव्हता. तेव्हा मी माझा झटपट निर्णय घेतला. अंगणात जमलेल्या बायकांच्या हातात एकेक रिकामी बाटली दिली आणि म्हटलं, "घरी जे प्यायचं पाणी आहे ना, ते यात भरून आणा."

ओंकार माझ्या कानाशी आला. "ताई, नमुना उगमावरूनच घ्यायचा असतो. सरांनी..."

"पाणी विहिरीतूनच घरात येतं ना? मग झालं तर."

बायका दहा मिनिटांत परत आल्या. प्रत्येकीने बाटली पदराने पुसून आणली होती. मीटर बुडवला. आकडा हललाच नाही म्हणावा इतका कमी. दुसरी बाटली, तिसरी, आठही बाटल्या तशाच. रेणुका म्हणाली, "अगं, हे तर आपल्या नळाच्या पाण्यासारखं आहे."

ओंकार मोरीवर हात धुऊन आला होता. "ताई, साबणाला फेसच येत नाहीये इथे."

"साबण जुना असेल. ओंकार, आकडा खोटं बोलत नाही. उगीच फाटे फोडू नकोस."

तो गप्प झाला. त्यानंतर त्या दिवशी तो कामाशिवाय एक शब्द बोलला नाही, आणि गट आता शिस्तीत आला असं मला वाटलं.

मारुतीच्या पारावर पंधरावीस माणसं जमली होती. मी उभी राहिले आणि जाहीर केलं की तुमच्या गावाचं पाणी उत्तम आहे, अभिनंदन. कोणी काही बोललं नाही. दोन दिवस मी पाहत होते, वऱ्हाडी माणूस बसमध्ये अनोळखी माणसालाही तोंडावर सुनावतो. पाहुण्याला "तुमी लय बारीक हा, आजारी हा का?" असं पहिल्या मिनिटाला विचारतो. ती माणसं माझ्यासमोर मुकाट उभी होती आणि मला तो आदर वाटला. शेवटी एक म्हातारे एवढंच म्हणाले, "बरं हाय बाप्पा. मशीन म्हनते तं गोडच अशीन." आणि धोतराचा सोगा सावरत निघून गेले.

अकोट

अकोटच्या अलीकडे उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसायला लागली आणि दोन दिवसांनी डोळ्यांना काहीतरी उंच मिळालं म्हणून बरं वाटलं. गावात शिरताना जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग, हवेत तंतू. लॉजवर सामान टाकलं, तिन्ही गावांचा तक्ता फोनवरून सरांना पाठवला आणि संध्याकाळी सातला आम्ही भोजनालयात बसलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल सोडलेला ठेचा. पुण्यात ठेचा ताटाच्या कडेला असतो, इथे तो मधोमध असतो. मी जाम खुशीत होते. बाहेर अवेळी पाऊस सुरू झाला होता.

प्रल्हादभाऊ भाकरी चुरत म्हणाले, "त्या गावानं तं तुमाले जावयावानी ठेवलं मॅडम. गोड पान्याचा चहा पाजला."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? थ्या गावात गोड पानी कुठी हाय? इकून अकोटाहून कॅन नेतात लोक मोटारसायकलीवर. एक माठ पाहुन्याचा अलग ठेवतात. घरचे लोक इहिरीचंच पेतात. खारं."

बाटल्या पुसून आणणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. मी त्यांना प्यायचं पाणी मागितलं होतं, आणि पाहुणीने पाणी मागितल्यावर त्यांनी पाहुण्यांच्या माठातलं दिलं होतं. आठही घरांनी. त्यांच्या घरचं सगळ्यात चांगलं पाणी मी मीटरखाली धरलं आणि त्याच जोरावर त्यांचं नाव काटलं.

मी ओंकारकडे पाहिलं. तो ताटात पाहत होता. 'मी म्हटलं होतं' असं तो म्हणेल, मग मी चिडेन, मग भांडण होईल आणि निदान काहीतरी होईल, अशी मी वाट पाहिली. तो काही बोलला नाही. बोलायचं मीच बंद केलं होतं.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातं. दहाएक मिनिटं मी गप्प राहायचा विचार केला. प्रल्हादभाऊंना तक्त्याचं काही माहीत नव्हतं. रेणुका फोनमध्ये होती. बैठक उद्या अकराला, परवा आम्ही पुढच्या गावात आणि मग पुण्यात. त्या गावात मला पुन्हा कधी जायचं होतं? मग ओट्यावरचे ते सुजलेले पाय आठवले आणि मी ताट बाजूला सारलं. मी उठून पडवीत गेले आणि सरांना फोन लावला.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "तक्ता मी पुढे पाठवलाय. उद्या अकराच्या आत विहिरीचे नमुने घेऊन अकोल्यात पोचलीस तर बदलता येईल. नाही तर यादी मंजूर होईल. आणि का बदलले ते तुलाच सांगावं लागेल."

आत येऊन मी दोघांना सांगितलं. रेणुका म्हणाली, "अगं पण पाऊस?" ओंकारने फक्त विचारलं, "किती वाजता निघायचं?"

पुन्हा ते गाव

उजाडता उजाडता निघालो. पाऊस थांबला होता, पण रात्रभर पडला होता. डांबरी रस्त्यावरून गावाकडे वळायच्या ठिकाणी प्रल्हादभाऊंनी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"इथून पैदल जा लागते. गाडी फसली तं संध्याकाळलोक निघाची नाई."

काळी माती भिजली की काय होते हे मी पुस्तकात वाचलं होतं. पहिल्या पाच पावलांत बुटांना शेर-दोन शेर माती चिकटली. झटकली, पुन्हा चिकटली. एक बूट मातीतच राहिला. शेवटी तिघांनी बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी निघालो. माती गार, लोण्यासारखी मऊ, आणि पाय काही केल्या सोडत नव्हती. मी दोनदा पडले. बाटल्यांची पिशवी ओंकारने माझ्याकडून न विचारता घेतली. साडेसात वाजले होते आणि गावातलं पहिलं छप्पर अजून लांब होतं. मला सारखं वाटत होतं, आपण वेळेत पोचणार नाही, आणि पोचलो तर त्या बाईला तोंड कसं दाखवणार.

काकू अंगणात सडा टाकत होत्या. आमचे अवतार पाहून बादली खाली ठेवली. "कावून व पोरी? काई राह्यलं का?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तुम्ही दिलेलं पाणी पाहुण्यांचं होतं, मला तुम्ही पिता ते हवं होतं, मी विहिरीवर गेले नाही, चूक माझी, आणि त्यामुळे तुमच्या गावाचं नाव आज कटेल. शेजारच्या दोघीतिघी कुंपणाशी आल्या.

काकू म्हणाल्या, "पाहुन्याच्या हाती खारं पानी द्याव? लाज नाई का आमाले? पोरी लांबून आल्या, रस्त्यानं तहान लागन, म्हनून भरून देल्लं."

"पण मी पारावर सांगितलं तेव्हा तरी तुम्ही का बोलला नाहीत?"

"तू बोलू देल्लं कुठी?" काकू सरळ म्हणाल्या. "सारा वखत घडीच पाहून राह्यली होती. आमाले वाटलं, शिकेल पोरगी हाय, मशीन हाय, आपल्या जिभेपक्षा त्याले जास्त समजत अशीन. मी तं राती दिराले म्हटलंबी, आपल्यालेच खारं लागते का काय म्हनून."

शेवटच्या वाक्याने मी पार खचले. ज्यांनी जन्मभर ते पाणी प्यायलं त्यांना माझ्या एका घोषणेने स्वतःच्या जिभेवर शंका घ्यायला लावली होती. मी म्हटलं, "काकू, मला माफ करा." त्यावर त्यांनी पदर खोचला आणि कुंपणाकडे वळून ओरडल्या, "चाला व बाया, दोर घ्या!"

पांदणीने पाच बायका पुढे, आम्ही मागे. त्या चिखलातून अशा चालत होत्या की जणू तो नव्हताच. विहिरीवर मी पोहरा हातात घेतला आणि थांबले. "ओंकार, तू सांग. कसं करायचं?" तो क्षणभर गोंधळला. मग त्याने सांगितलं आणि मी तसं केलं. मीटर बुडवला, आकडा धावत वर गेला. मला इतका आनंद झाला की मी हसलेच, आणि लगेच शरम वाटली, कारण समोर ते पाणी पिणाऱ्या बायका उभ्या होत्या. ओंजळीत घेऊन मी चव पाहिली. दोन घोट घेतले तर जीभ सुकली.

"पेऊ नोको," काकूंनी माझा हात धरला. "तुले सोसाचं नाई थे."

अकोला

गाडीशी परतेपर्यंत नऊ वाजत आले. अकोटच्या बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. प्रल्हादभाऊ काच खाली करून प्रत्येकाला आळवत होते, "जाऊ दे ना भाऊ, लेकरायची परीक्षा हाय." पूर्णेचा पूल आला तेव्हा दहा वाजून गेले होते. बाटल्या माझ्या मांडीवर होत्या आणि मी त्या दोन्ही हातांनी आवळून धरल्या होत्या, जणू गाडी त्याने लवकर पोचणार होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही त्या कार्यालयाच्या जिन्यावर होतो. दाराबाहेर सर, घोट्याला पट्टी, हातात काठी. ते हळूच म्हणाले, "यादीचा विषय अजून यायचाय. नमुन्यांची अदलाबदल झाली एवढंच म्हण. जास्त खोलात जाऊ नकोस." त्यांनी ते माझ्यासाठीच म्हटलं होतं. मला तो रस्ता फार सोपा दिसला.

आत आठदहा माणसं. संस्थेच्या प्रमुख बाई चष्म्यावरून आमच्या पायांकडे पाहत होत्या. "काल गोड आणि आज खारं? मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? नमुने कोणी घेतले होते?"

ओंकार माझ्या शेजारी हलला. "मॅडम, आम्ही तिघांनीही..."

"मी घेतले," मी म्हटलं. "घेतलेही नाहीत, मागितले." आणि मग घड्याळापासून माठापर्यंत सगळं सांगितलं. ओंकारने दोनदा सावध केलं होतं आणि मी त्याला गप्प बसवलं, हेही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. निर्णय असा झाला: गावाचं नाव यादीत राहील, पण आमच्या तिन्ही गावांची तपासणी त्यांची माणसं पुन्हा करतील, विहिरीवर जाऊन. म्हणजे चोख केलेल्या दोन गावांवरही माझ्यामुळे शंका आली होती. हे बोलून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. बाहेर आल्यावर सरांनी शांतपणे सांगितलं की उरलेल्या दोन गावांत गटप्रमुख ओंकार असेल. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की आता घड्याळ दुसऱ्याच्या हातात आहे, जरा मोकळा श्वास घेता येईल.

"आणि ते टिपण?" सरांनी विचारलं.

टाइप केलेली दोन पानं पिशवीत भिजून एकमेकांना चिकटली होती. पुण्यात येऊन मी ती नव्याने लिहिली, अर्ध्या पानात संपली. माझ्यासमोर माणसं एकदम गप्प झाली तर ते मला मान देत आहेत असं धरायचं नाही, थांबून विचारायचं, आणि ज्याला मी गप्प केलं त्याला सगळ्यांदेखत आधी बोलू द्यायचं, एवढंच त्यात आहे. सरांनी गुण बेताचे दिले. उदाहरणं चांगली, मांडणी त्रोटक, असा शेरा आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी कार्यालयाच्या जिन्यात बसून मी आधी काकूंना फोन लावला. सकाळपासून सगळं गाव त्या फोनची वाट पाहत असणार हे मला माहीत होतं. ओट्यावर दीर असतील, कुंपणाशी बायका असतील. काय सांगायचं ते मी मनात नीट जुळवून ठेवलं होतं, नाव राहिलं, पुन्हा माणसं येतील, त्यांना थेट विहिरीवर न्या. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काकू, मी मुक्ता. बैठक झाली."

"तुले कोनी रागावलं तं नाई ना व पोरी?"

मी बाहीने डोळे पुसले. ओंकारने माझ्या हातातून फोन घ्यायला हात पुढे केला, मी मानेनेच नको म्हटलं. "नाही काकू," मी कसंबसं म्हटलं. खोटंच. त्या "बरं झालं माय" म्हणाल्या, आणि मग त्यांनी गावाचं नाव राहिलं का, ते विचारलं.